काचवाल्यांनी दिलेलं नाव

आमच्या चष्म्याच्या दुकानाचे दोन भाग आहेत. पुढे काउंटर, आरसे, फ्रेमांची कपाटं आणि मी. मागे एक अरुंद खोली, तिच्यात भिंग घासायचं मशीन, पाण्याचा नळ, एक उंच स्टूल आणि काचवाले. एकतीस वर्षं ते त्या स्टुलावर बसतात. अर्ध्या गावाचे डोळे त्यांना पाठ आहेत आणि चेहरा एकाचाही माहीत नाही. माणसं त्यांच्याकडे पाकिटात घालून जातात, पाकिटावर क्रमांक असतो, आत डॉक्टरची चिठ्ठी. मधूनच दाराशी येऊन विचारतात, "दोनशे चौदाला आता पायऱ्या नीट दिसतात का?" मी सांगते, दिसतात. मग समाधानाने परत आत.

काचवाले हे काही त्यांचं नाव नव्हे. ते आले फार लांबून, दुसऱ्या देशातून, दुसऱ्याच भाषेतून. पहिल्या दिवशी माझ्या नवऱ्याने नाव विचारलं, त्यांनी सांगितलं. नवऱ्याने दोनदा म्हणून पाहिलं, तिसऱ्यांदा जीभ अडखळली तेव्हा म्हणाला, "जाऊ दे, आपण काचवाले म्हणू." त्यांनी मान हलवली आणि ते कामाला लागले. यात कुणाला काही वावगं वाटलं नाही, कारण आमच्या दुकानाची रीतच ती होती. गिऱ्हाइकाचं नाव पाकिटावर मावेल तेवढं लिहायचं, उरलेलं सोडून द्यायचं. नवरा गेला, काउंटर माझ्याकडे आलं आणि मी त्याच्याही पुढे गेले. फारच अवघड नाव असलं तर मी त्या माणसाला एखादं सोपंसं नाव देऊन टाकायचे. चष्मा न्यायला आला की तोही त्या नावाला ओ द्यायचा. माणसाला चष्म्याची गरज असली की तो कशालाही ओ देतो.

काचवाल्यांची भाषा बोलणारा गावात एकच होता, एक वेल्डर. रविवारी दोघं बागेतल्या बाकावर बसायचे. तो वारल्यालाही आता अकरा वर्षं झाली. घरी, म्हणजे तिकडे, काचवाल्यांची बायको आहे आणि एक मुलगी आहे, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. चार-चार वर्षांनी जाऊन यायचे. कसं झालं विचारलं तर "ठीक". बायको कशी आहे, "ठीक". मुलगी, "ठीक". ताकास तूर लागू द्यायचे नाहीत. इस्त्रीच्या दुकानावर त्यांच्या दोन खोल्या आहेत. एकदा ते आजारी होते म्हणून मी औषध द्यायला गेले, तर टेबलाला एकच खुर्ची. दुसरी असती तरी तिच्यावर बसायला कोण आलं असतं, हे मला जिना उतरताना सुचलं.

त्यांची भाषा आमच्या कानावर एकाच वेळी पडायची. भिंगाचा कोन लावताना ते अंश मोजायचे, पुटपुटत, आपल्या भाषेत. माझी लेक लहान होती तेव्हा शाळेतून आली की मागच्या खोलीत पालथ्या खोक्यावर बसून अभ्यास करायची. तिला त्यांची वीसपर्यंतची मोजणी तोंडपाठ झाली आणि घरी पोळ्या ती त्याच भाषेत मोजायला लागली. मी तेव्हा तिला दटावलं होतं. आपल्या घरात आपलं आपलं मोजावं, असं माझं मत होतं. अजूनही थोडं आहे.

त्या लेकीला सातवा महिना लागला तेव्हा ती आणि जावई फोनवर नावं धुंडाळत बसायचे. जगभरातली नावं, अर्थासकट. कुणाचा अर्थ समुद्राची शांतता, कुणाचा डोंगरावरची पहाट. मी म्हटलं, पोर रात्रभर रडेल तेव्हा शांततेला हाक मारा. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. लेक माझ्याकडे लक्ष देत नव्हती. एक दिवस तिनेच फोन बाजूला ठेवला. काका घरात असताना फोनला कशाला विचारायचं, असं म्हणत ती मागच्या खोलीत गेली. तुमच्या भाषेतलं एक मुलीचं नाव द्या आणि एक मुलाचं, असं तिने सांगितलं.

मशीन थांबलं. काचवाले म्हणाले, "मुलीचं देतो. मुलाचं माझ्याकडे नाही."

पण दिलं नाही. आठ दिवस गेले. मी लेकीला म्हटलं, तुझे काका ते नाव मशीनवर घासत बसलेत वाटतं. नवव्या दिवशी भर दुपारी, गिऱ्हाईक असताना, ते हात पुसत काउंटरपर्यंत आले. असं ते कधी करत नसत. लेक तिथेच बसली होती. त्यांनी नाव सांगितलं. चार अक्षरं, त्यातलं तिसरं असं की आपल्या तोंडात त्याला जागाच नाही, घशातून वर येतं आणि दातांपाशी मऊ होतं. ऐकायला वाईट नव्हतं, पण नाकापेक्षा मोती जड. लेकीने अर्थ विचारला. अर्थ काही नाही, नाव आहे, एवढंच ते म्हणाले.

मग रोज चार वाजता शिकवणी सुरू झाली. लेक सुट्टीवर होती, ती दुकानात यायची, आणि काचवाले आपला चहा घेऊन पुढे यायचे. ती नाव म्हणायची, ते मान हलवायचे, पुन्हा. ती पुन्हा म्हणायची. जावईही एक-दोनदा आला आणि हरला. महिनाभराने एका दुपारी लेकीला ते तिसरं अक्षर साधलं. काचवाले हसले. इतक्या वर्षांत मी त्यांचे दात पाहिले नव्हते. दुसऱ्या दिवसापासून ते इस्त्रीचा शर्ट घालून यायला लागले. जाताना लेकीला विचारायचे, किती दिवस राहिले. खरं सांगायचं तर आपल्या नातीच्या नावावर दुसऱ्या कुणाचा एवढा जीव अडकलाय, हे मला सोसत नव्हतं. नातीच्या नावाला मला कुणी विचारलंच नव्हतं. मी त्या शिकवणीत तोंड उघडलं नाही. काउंटरवर बसून फ्रेमा पुसत राहिले.

मुलगीच झाली. लेकीला फार त्रास झाला, ती गुंगीत होती. जावई औषधं आणायला धावला होता आणि जन्मनोंदणीचा अर्ज माझ्या हातात आला. खिडकीतला कारकून म्हणाला, नाव ठरलं नसेल तर रकाना मोकळा ठेवा, नंतर भरता येतो. मी पेन घेतलं आणि एक सोपं, दोन अक्षरी, कुणालाही म्हणता येईल असं नाव लिहिलं. सही केली. कारकुनाने शिक्का मारला.

एवढ्या वर्षांची सवय, हात आपोआप चालला, असं मी पुढे सगळ्यांना सांगितलं. ते खोटं आहे. ते दोन अक्षरी नाव माझ्या मनात चार महिने होतं. सवयीने एवढंच केलं की लिहिताना हात थरथरला नाही.

लेकीने चौथ्या दिवशी दाखला पाहिला. "आई, हे काय आहे?" म्हणाली. मी सवयीचं सांगितलं. नाव बदलायचं तर प्रतिज्ञापत्र हवं, दोन साक्षीदार, कचेरीत खेपा, असं जावई चौकशी करून आला. शिवाय त्याच्या आईलाही ते पहिलं नाव म्हणता येत नव्हतंच. नको म्हणायला सगळ्यांना काहीतरी मिळालं. बाळाला दोन दिवस एका नावाने हाक मारली की ते चिकटतं. आठवड्याभरात लेकही त्याच नावाने अंगाई म्हणायला लागली. पण तिने मला एक बजावलं होतं. "तू लिहिलंस, काकांना तूच सांग."

इथे घोडं पेंड खात होतं. काचवाले रोज सकाळी दार उघडल्या उघडल्या विचारायचे, कशी आहे. नुसतं कशी आहे नाही, नाव घेऊन. ते पूर्ण चार अक्षरी नाव, सावकाश, गोड खाल्ल्यासारखं. आणि मी म्हणायचे, बरी आहे. दूध पिते का, पिते. त्या नावाच्या मुलीची खुशाली मी सहा दिवस सांगितली. काउंटरवर गिऱ्हाइकांशी दिवसभर तोंडाचा पट्टा चालवणारी मी, या एका माणसापुढे मूग गिळून बसले होते.

सातव्या दिवशी मी आत गेले. ते एका भिंगाची कड घासत होते. मी दारातच उभी राहून सांगितलं की कागदावर दुसरं नाव पडलंय. माझ्याच हातून. चुकून नाही, हेही सांगितलं. का सांगितलं कोण जाणे. त्यांच्यासमोर खोटं रेटवलं नाही.

त्यांनी नळ बंद केला. भिंग कापडाने पुसून ट्रेमध्ये ठेवलं.

"दुसऱ्यांदा," ते म्हणाले.

मला कळलं नाही. मग त्यांनी सांगितलं. इथे आले तेव्हा बायकोला चौथा महिना होता. याच स्टुलावर बसून, मशीन चालवता चालवता, त्यांनी मुलगी झाली तर काय नाव ठेवायचं ते ठरवलं. आजी नाही, आत्या नाही, कुणाचंही नसलेलं नाव, फक्त तिच्यासाठी. पत्र पाठवलं. पत्राला सहा आठवडे लागले आणि मुलगी महिनाभर आधी आली. कचेरीत बायकोचा भाऊ गेला. कारकुनाने विचारलं, त्याने आपल्या आईचं नाव सांगून टाकलं. पत्र पोचलं तेव्हा नाव लागून पंधरा दिवस झाले होते. कुणाचा दोष नव्हता, ते म्हणाले. मुलगी आता अठ्ठावीस वर्षांची आहे, शिक्षिका आहे. ते तिला तिच्या आजीच्या नावानेच हाक मारतात. पत्राचं तिला कुणी सांगितलेलं नाही.

"तुमच्या लेकीने ते म्हटलं ना," ते म्हणाले, "तेव्हा मी ते पहिल्यांदा दुसऱ्याच्या तोंडून ऐकलं."

मी म्हटलं, मी कचेरीत जाते, प्रतिज्ञापत्र करते, खेपा घालते. आणि तेही नको असेल तर तुम्ही तिला त्याच नावाने हाक मारा, इथे दुकानात. मी तिला रोज घेऊन येते. तुमच्यापुरतं ते नाव राहील.

त्यांनी मान हलवली, लेकीचा उच्चार चुकला की हलवायचे तशीच.

"नको, वहिनी. ज्या नावाला कुणी वळून बघत नाही, त्या नावाने हाक मारू नये. मी खोलीत मारून बघितलीय."

मग त्यांनी विचारलं, कागदावर काय लिहिलंय. मी सांगितलं. त्यांनी ते दोन अक्षरी नाव एकदाच म्हटलं, अगदी बिनचूक, आणि नळ सुरू केला.

या गोष्टीला दोन वर्षं झाली. नात दुकानात येते. काचवाले दाराशी येऊन तिला तिच्या नावाने हाक मारतात आणि ती धावत जाते, त्यांच्या गुडघ्याला मिठी मारते. बघणाऱ्याला वाटेल, सगळं किती छान आहे. चार वाजता मात्र ते पुढे येत नाहीत. मी चहा त्यांच्या दाराशी ठेवते आणि परत येते. मीही माझा चहा काउंटरवर एकटीच घेते. मध्ये एक दार आहे, ते उघडंच असतं, आणि तरी आम्ही दोघं बोलत नाही. राग आहे म्हणून नाही. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

परवा मी लेकीला विचारलं, काकांनी दिलेलं नाव आठवतं का तुला. तिने पहिली दोन अक्षरं म्हटली, तिसऱ्याला अडखळली आणि हसली. म्हणाली, "काय होतं गं ते?" मी म्हटलं, मलाही आठवत नाही.

मला आठवतं. फ्रेमा पुसताना महिनाभर कानावर पडत होतं, ते तिसऱ्या अक्षरासकट मला येतं. काचवाले आता सत्तरीला टेकलेत. त्यांच्यानंतर ते नाव इथे फक्त माझ्याकडे उरणार, आणि त्याला संपवणारीही मीच. सकाळी शटर वर केलं की ते यायला पंधरा मिनिटं असतात. तेवढ्यात मी ते नाव एकदा मोठ्याने म्हणते, काउंटरच्या मागे उभी राहून, समोरच्या सगळ्या आरशांकडे बघत. कुणी वळून बघत नाही.