काकांच्या भूतदयेची बांधणी

मंडळी, दुपारपासून डोकं जाग्यावर नाही.

माझे काका चामड्याची चप्पलसुद्धा घालत नाहीत. प्रयोगशाळेत जिवंत जनावरं चिरण्याविरुद्ध शंभर वर्षांपूर्वी विलायतेत निघणाऱ्या मासिकाचा एक जाड खंड त्यांच्या देव्हाऱ्यात असतो. तो उसवला, म्हणून आज काका आणि मी तो हिंगोलीत बाइंडरकडे घेऊन गेलो.

त्यानं पुठ्ठ्यावर हात फिरवला. "काका, माल अस्सल हाय. वासराचं कातडं!"

काका खंडाकडे बघत म्हणाले, "आरं, इतकी वर्षं मी ह्याच्याच पाया पडून राहिलो!"

"मंग सोलून टाकू? रेक्झिन लावतो." बाइंडरनं सुरी उचलली.

काकांनी खंडावर दोन्ही हात ठेवले. "न्हाई बाबा. एकदा सोललंय त्याला."

दयेचे अंक बांधून घेणाऱ्यांना हे वासरू दिसलं नाही, ते सोडा. पण रोज त्याला फुलं वाहणाऱ्या आमच्या घराला तरी काहून दिसलं नसेल?