खंडेनवमीचा पाना

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. ती म्हणते, तुमच्या तोंडात तीळ भिजत नाही. हा एक भिजलाय — इतकी वर्षं.

रेगेसाहेब रेसच्या गाड्या बनवायचे. तुर्भ्याला पत्र्याची शेड, भंगारातलं इंजिन, आणि फरशीवर खडूने काढलेलं डिझाइन. मी कोपरखैरण्याचा, मिठागरातलं काम सुटलं तेव्हा त्यांच्याकडे फिटर म्हणून लागलो. गाडी चालवायचा पनवेलचा सलीम. साहेबांचा त्याच्यावर पोटच्या पोरासारखा जीव. माझ्यावरही होता — पण तितका नाही. हे कशाला सांगितलं? कारण शोधतोय बहुतेक. तसं कारण काही नाही.

सत्तर-ऐंशीच्या मधलं एक वर्ष. रेस नेमकी दसऱ्याला आली, एका बंद धावपट्टीवर. आमच्यात आदल्या दिवशी, खंडेनवमीला, हत्यारं पुजायची, मग दसऱ्याची पूजा होईपर्यंत हात लावायचा नाही. साहेबांचा देवावर विश्वास नव्हता, पण आमचा मान ठेवायचे. म्हणाले, आधी गाडी पूर्ण कर, मग खुशाल पूजा मांड.

मी पूजा मांडली. पाने, हातोड्या, सगळ्यांना हळदकुंकू, झेंडूची फुलं. गाडीलाही हार. आणि मग लक्षात आलं — मागचं डावं चाक. एकाच मोठ्या नटाने धरलेलं असायचं ते. तो नट मी नुसता हाताने फिरवून ठेवला होता.

पाना समोर होता. उचलता आला असता. देव कोपेल म्हणून घाबरलो? नाही हो. साहेबांना आधीच सांगून बसलो होतो, सगळं झालं. आता पूजा मोडली तर खोटं उघडं पडणार — बस, इतकंच. म्हटलं, सकाळी धावपट्टीवर गुपचूप आवळू.

सकाळी माणसंच माणसं. सलीम हेल्मेट घालून बसलेला. साहेबांनी विचारलं, नट बघितलेस ना सगळे?

"घट्ट हाय, साहेब."

मला आठवत होतं. विसरलो असतो तर ही चूक म्हणता आली असती.

दुसऱ्या फेरीला चाक निघालं, एक्सल तुटला, गाडी उलटली. सलीमला मीच ओढून काढला. गुडघ्याखाली पाय गेला त्याचा. नंतर गवतात तो नट सापडला — आटे शाबूत, म्हणजे तुटला नव्हता, सुटला होता. साहेबांनी पाहिला असता तर एका नजरेत ओळखलं असतं. मी तो वाशीच्या पुलावरून खाडीत टाकला. साहेबांच्या हाती फक्त तुटका एक्सल राहिला. त्यांनी पुन्हा गाडी बनवली नाही.

पुढे, ऐंशीनंतर, वाशीच्या फ्लॅटवर त्यांनी आठवणींचं पुस्तक लिहायला घेतलं. एक प्रकरण मला वाचून दाखवलं. त्यात होतं — "एक्सल मीच बारीक ठेवला, वजन वाचवायच्या हट्टापायी. सलीमचा पाय माझ्या डिझाइनने घेतला." मग चष्मा काढून म्हणाले, "तू होतास तिथं. काही चुकलंय का रे यात?"

समोर चहा होता. मी तो बशीत ओतला, प्यायलो. आणि म्हणालो, "बरोबर हाय, साहेब."

तोवर सलीम सगळ्यांना सांगायचा, साहेबांचा दोष नाही, नशीब माझं. पुस्तक आलं, त्याने वाचलं. साहेबांकडे जाणं बंद केलं. साहेब आजारी पडले, दाराकडे बघत राहायचे; मी उशाशी बसलेला असायचो. वारले तेव्हा मी पनवेलला निरोप द्यायला गेलो. सलीम म्हणाला, "त्यांनी स्वतःच लिवलंय ना? मग?" आला नाही.

मी ऐकून परत आलो.

ईदला सलीमच्या घरून शिरखुर्म्याचा डबा येतो. जळत्या गाडीतून याने मला काढला, असं तो नातवंडांना सांगतो. गाडी जळत नव्हती. मी डबा घेतो, आणि खातो.