नग क्रमांक एकतीस

सुक्रे गावातल्या एका चढावर आधी दोन्या एमेतेरियाचं घर, मग माझं सालतेन्यांचं, म्हणजे सकाळी खायच्या रसदार सारणाच्या करंज्यांचं, दुकान आणि त्यापुढे मठातलं चांदीच्या भांड्यांचं संग्रहालय. तिन्हीकडे तीच जुनी लाकडी दारं आणि त्याच पांढऱ्या भिंती, कारण आमच्या गावात भिंतीला दुसरा रंग चालतच नाही. तेव्हा जे झालं त्यात पाहुण्यांना दोष देता येत नाही.

दोन्या एमेतेरियानं चाळीस वर्षं मठातल्या पाद्र्यांच्या झग्यांना इस्त्री केली, कोळशाच्या इस्त्रीनं. बोटं अशी मेली की उकळत्या रश्श्यातला बटाटा ती हातानं बाहेर काढते. नवरा ट्रक चालवायचा, तो केव्हाच गेला. मूलबाळ नाही. सकाळी दार सताड उघडं टाकून ती अंगणात खुर्चीवर बसायची आणि शेंगा सोलायची.

एका सकाळी दोन जर्मन आत शिरले, टोप्या काढून, हलक्या पावलांनी. कपडे धुण्याचा दगड त्यांनी वाकून बघितला, काळं पडलेलं पातेलं बघितलं, भिंतीवरचं गॅसवाल्याचं कॅलेंडर पाचेक मिनिटं वाचलं. तिला वाटलं, मठातून कुणी पाठवलंय. तिनं त्यांना बसवलं, पुढ्यात टोपली ठेवली. त्यांनी गुमान सगळ्या शेंगा सोलल्या, तिचे हात हातात घेतले आणि डोळे पुसत निघून गेले.

"कोण होते हो ते?" मी विचारलं.

"कुणास ठाऊक."

"मग हाकललं का नाही?"

"का हाकलू? चांगले सोलत होते की."

महिन्याभरात वेन्सेस्लाओ नावाचा एक वाटाड्या रोज घोळका घेऊन यायला लागला. पलंगापाशी उभा राहून सांगायचा, "ह्यावर स्वातंत्र्ययुद्धातले एक सेनापती झोपत असत."

"कुठला सेनापती रे मेल्या?" ती अंगणातून म्हणायची. "माझा फाउस्तिनो झोपायचा त्यावर. दोनदा गाडी दरीत घातली त्यानं."

वेन्सेस्लाओ मान डोलवायचा आणि पाहुण्यांना त्यांच्या भाषेत सांगायचा की सेनापती दोन लढाया हरले.

कुणीतरी टेबलावर वही ठेवून गेलं, तीत लोक नावं लिहायला लागले. ती वही बघूनच बाल्दिव्हिएसो साहेब आले असावेत. वारसा सांभाळणाऱ्या कुठल्याशा कचेरीतले, गळ्यात टाय.

"परवाना कुठे आहे?"

"कसला परवाना?"

"संग्रहालयाचा."

"अहो, घर आहे हे माझं."

"सगळे असंच म्हणतात, बाई," साहेब म्हणाले आणि सह्या मोजायला बसले. चारशे बारा भरल्या. त्यांच्या नियमात तीनशेच्या वर पाहुणे झाले की घराचं संग्रहालय होतं. संग्रहालयाचं परत घर कसं करायचं, ते नियमात कुठेच नव्हतं.

मग तीन दिवस यादी चालली. दगडाला दोरीनं नग नऊची चिठ्ठी बांधली, पातेल्याला नग चौदाची. नग लागलेल्या पातेल्यात स्वयंपाक बंद, म्हणून ती जेवायला माझ्याकडे. यादी करणारी मुलगी फार नेकीची. समोर दिसेल ते लिहीत गेली. यादी आली तेव्हा दोन्या एमेतेरियानं ती माझ्याकडून वाचून घेतली, कारण तिच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू. पान तिसरं. "नग क्रमांक एकतीस. बसलेली स्त्री. स्थानिक. काळ अनिश्चित. अवस्था मध्यम."

"पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं.

"स्थानिक, ठीक. काळाचंही ठीक, मला तरी कुठे नक्की आठवतंय. पण मध्यम? आत्ता बाजारातून बटाट्याचं पोतं पाठीवर आणलं ना मी?"

तशीच उठून कचेरीत गेली. साहेबांनी तिच्याकडे बघितलं, यादीकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"तुम्ही इथे कशा? लेखी परवानगीशिवाय नग बाहेर काढता येत नाही."

"कुणी काढलं नाही. मी चालत आले."

"मग तर फारच वाईट."

दोन हमाल देऊन त्यांनी तिला परत पाठवलं. नगावर थेट ऊन पडता कामा नये म्हणून एकानं तिच्या डोक्यावर छत्री धरली होती, दुसऱ्याच्या हातात पावती. मी दुकान बंद करतच होते. बारानंतर सालतेन्या खातो कोण?

"सही कर गं नीवेस," ती म्हणाली, "ह्या दोघांना जेवायला जायचंय."

मी 'मिळाली' असं लिहून सही केली.

त्यानंतर आठ दिवस ती जेवण झालं की लगेच घरी जायची. मला वाटलं, मनाला लागलं. नवव्या दिवशी यादी घेऊन आली आणि शेवटच्या पानावरची बारीक अक्षरं वाच म्हणाली. तिथे होतं : मध्यम अवस्थेतल्या नगांची दुरुस्ती कचेरी करील.

रुग्णालयाच्या रांगेत तिचं नाव दोन वर्षं पडून होतं. तिनं माझ्याकडून अर्ज लिहून घेतला : नग एकतीस, वरचा भाग, उजवी बाजू, धूसर.

तीन आठवड्यांनी एक कारागीर आला, कापूस आणि ब्रश घेऊन. देवळांतल्या लाकडी देवदूतांचे डोळे दुरुस्त करणारा. त्यानं भिंग लावून बराच वेळ निरखलं. "हे माझ्या हातचं नाही," म्हणाला, आणि शेऱ्यात लिहिलं, 'तज्ज्ञ हवा.' कचेरीनं तज्ज्ञ शोधला. तो डोळ्यांचा डॉक्टर निघाला, आणि आठवड्यात शस्त्रक्रिया झाली.

पट्टी निघाली त्या दिवशी साहेब स्वतः पाहायला आले. तिनं त्यांना डोक्यापासून बुटांपर्यंत न्याहाळलं.

"अगं, हा तर पोरगा आहे," मला म्हणाली. "मी उगाच ह्याला अहो-जाहो करत होते. जेवतोस की नाही रे नीट?"

साहेबांनी खाली मान घालून 'मध्यम' खोडलं, 'चांगली' लिहिलं. मग दारापर्यंत जाऊन परत आले.

"बाई, खरं सांगायचं तर तुमचं नाव यादीत चुकून गेलंय. मी काढून टाकू शकतो."

"नको, राहू दे," दोन्या एमेतेरिया म्हणाली. "अजून गुडघा आहे. आणि दोन दाढा."

त्यांनी तेही समासात लिहून घेतलं. गुडघा मार्चमध्ये झाला. दाढांचं प्रकरण वरच्या कचेरीत अडकलंय. त्यांना आधी ठरवायचंय की दाढा मूळच्या आहेत की नंतर बसवलेल्या.