चेहरा आला, पकड नाही आली

“टाइट घ्या मॅडम. अजून टाइट. केस कानामागे घेतेय ना, तेच पाहिजे.”

निनाद माझ्या खुर्चीमागे उभा राहून सूचना देत होता. चाकणजवळच्या एका गावात मुलींच्या कबड्डीची फायनल चालू होती आणि तिचं लाइव्ह प्रक्षेपण माझ्याकडे होतं. निनाद प्रायोजक कंपनीचा सोशल मीडिया सांभाळायचा, म्हणजे आमचा क्लायंट. त्याला हवी होती ती यजमान गावची सात नंबर, ऋतुजा. दिसायला खरंच देखणी. पण ती संघाची राइट कॉर्नर होती, म्हणजे चढाई करणारीला कोपऱ्यातून झेप घेऊन पकडणारी. हे निनादला ठाऊक होतं की नाही, देव जाणे.

माझं काम सोपं करून सांगते. मैदानाभोवती तीन कॅमेरे. तिन्हींची चित्रं माझ्या टेबलावरच्या स्विचरला येतात. मी ज्याचं बटण दाबीन ते चित्र लोकांच्या मोबाइलवर जातं आणि तेवढंच माझ्याकडे रेकॉर्ड होतं. दोन कॅमेरे मॅटच्या कडेला, जवळून घ्यायला. तिसरा लोखंडी मचाणावर, अख्खं मैदान दिसेल असा. तो वाइड. वाइडमध्ये कुणी सुंदर दिसत नाही. पण खेळ कळतो तो तिथूनच.

सकाळीच निनाद म्हणाला होता, “तो वरचा कॅमेरा खाली बेंचसमोर लावू या. वरून काय, नुसती डोकी दिसतात.”

“तो हलणार नाही,” मी म्हणाले.

“पण मी त्याचं चित्र लावायला सांगणारच नाही.”

“नका सांगू. तिथंच राहू दे.”

मी पण इरेला पेटले होते. वाइडवर बसणाऱ्या गणेशला मी बजावलं की कॅमेऱ्यातलं कार्डही चालू ठेव. म्हणजे माझं बटण दाबलेलं असो वा नसो, तो जे बघेल ते त्याच्या कार्डावर उतरत राहणार.

मध्यंतरात ऋतुजा पाण्याची बाटली घेऊन आमच्या टेबलाशी आली.

“ताई, एक सांगू का? मागल्या स्पर्धेचा व्हिडिओ आमच्या सरांनी जिल्ह्याच्या निवड समितीला पाठवला व्हता. ते म्हणले, पोरगी झ्याक दिसती, पण खेळती कुठं?”

“मग?”

“मग काय, न्हाई घेतलं. आजचा बी पाठवायचाय. माझी एखादी पकड येऊ द्या की त्यात. पुढल्या वर्षी मी या वयोगटात बसत न्हाई.”

निनाद हसला. “अगं, तुझ्यामुळे तर आपले व्ह्यूज वाढलेत.”

“व्ह्यूज संघात घेत न्हाईत, दादा,” ती म्हणाली आणि मॅटकडे गेली. मला पोरगी फार आवडली.

मग आली शेवटची चढाई. यजमान एका गुणाने पुढे. समोरच्या भोसरी संघाची रेडर, म्हणजे चढाई करणारी, आत आली. तिला पकडलं तर कप गावाचा. पण ती निसटून मध्यरेषेला टेकली, तर तिला हात लावलेल्या सगळ्या बाद आणि कप भोसरीला जाण्याची भीती. माझं बोट वाइडच्या बटणावर गेलं.

“सात नंबर! क्लोज, क्लोज!”

क्लायंट तो. बोट मागे आलं. स्क्रीनभर ऋतुजाचा चेहरा. तो एकदम खाली गेला, कॅमेरामनने धावत पुन्हा पकडला, तोवर दात आवळलेले, केस कपाळावर. शिटी वाजली आणि मैदानात नुसता गलका. मी मान वर करून पाहिलं, तर रेडरच्या अंगावर दोघी पडलेल्या आणि रेडरचा हात रेषेवर. एका पंचाने गुण भोसरीला दिला, दुसऱ्याने गावाला. दोन्हीकडची माणसं मॅटवर उतरली.

मुख्य पंच वाट काढत आमच्या टेबलाशी आले. “रिप्ले दाखवा.”

मी दाखवला. कपाळ, डोळे, दात. फोकस मात्र अप्रतिम.

“पकड कुठाय?”

“फ्रेमच्या खाली राहिली, सर.”

“अहो, मग मी काय हिच्या दातांवरून निकाल देऊ?”

निनाद फोनमध्ये बघू लागला. मी हेडफोनवर ओरडले, “गणेश, कार्ड काढ. उतर लवकर.”

गणेश मचाणावरून जवळजवळ कोसळतच आला. मी कार्ड लॅपटॉपमध्ये घातलं. आणि मग ते दिसलं. ऋतुजा कोपऱ्यातून मांजरीसारखी सुटली आणि दोन्ही हातांनी रेडरचा घोटा धरला. मागून दुसरी मुलगी येऊन पडली. रेडरने हात लांबवला. शिटी. त्या क्षणी हात रेषेपासून वीतभर अलीकडे होता. शिटीनंतर सगळ्या मिळून घसरल्या आणि मग हात टेकला. दोन्ही पंच आपापल्या जागी खोटं बोलत नव्हते.

“परत लावा,” मुख्य पंच म्हणाले. लावलं. “परत.” परत लावलं. मग त्यांनी सरळ होऊन गावाकडे हात केला.

पुढचं मला नीट आठवत नाही. मी खुर्चीवर उभी राहून ओरडत होते एवढं खरं, कारण हेडफोनची वायर तुटली. इतक्या वर्षांच्या कामात असा आनंद मला क्वचितच झाला.

सामान आवरताना ऋतुजा आली. गुडघा सोलवटलेला, गालाला गुलाल.

“ताई, तो वरचा व्हिडिओ मला द्याल? त्यात माझं तोंड दिसतंय का?”

“नाही गं. पाठ दिसते आणि सात नंबर.”

“मग त्योच द्या.”

निनादने तिचा केस सावरतानाचा रील टाकला. तो जोरात चालला. खाली कुणीतरी विचारलं होतं, ही मॉडेल आहे का? वाइडचा तुकडा तिच्या सरांनी निवड समितीला पाठवला. तिचं नाव संघात आलं. समितीतल्या एकाने सरांना विचारलं म्हणे, “ही नवी पोरगी कुठून शोधलीत? आधी कधी पाहिली नाही.”

तेव्हापासून मी प्रत्येक क्लायंटला काम घेतानाच सांगते: दोन कॅमेरे तुमचे, हवे तिथे फिरवा. वाइडला मात्र हात लावायचा नाही, तो खेळणारीचा आहे.