रंजनाची पीएचडी आणि माझं जळणं

रंजनाला पीएचडी मिळाली त्या दिवशी मी तिचा पेढा खाल्ला नाही.

"शुगर आहे," म्हणाले.
मला शुगर नाही.

आज सकाळी रंजना गेली. कॅन्सर.

लाखांदूरच्या ज्युनिअर कॉलेजात आम्ही दोघी एकाच वर्षी लागलो. पीएचडीचं रजिस्ट्रेशनही सोबतच. विषय जवळपास एकच: गावातल्या पोरी बारावीनंतर कोणत्या कामाला लागतात, आणि लागलेलं काम का सोडतात.

मी प्रश्नावली छापली. कॉलेजातच भरून घेतली.

ती दर रविवारी एसटीने गावोगाव गेली. धानाच्या रोवणीच्या वेळी बांधीतल्या चिखलात उतरून नोकरी सोडून आलेल्या पोरींना विचारायची, "काहून सोडली वो?"

माझा थिसिस तिसऱ्या चॅप्टरवर अडकला. तिचा झाला.

तिच्या सेमिनारला मी सगळ्यांसमोर उभी राहून म्हणाले, "मॅडमचं सॅम्पल फारच लहान आहे."

"लहानच आहे," ती म्हणाली. "तू ये ना सोबत, मोठं करू."

लोक हसले. मी गेले नाही.

पण खरी जळले ते माझ्या लेकीमुळे.

कॉलेजची करिअर गायडन्स इन्चार्ज मी. आणि माझीच श्रुती सल्ला विचारायला गेली रंजनाकडे!

रंजनाने तिला दोन दिवस एका कारखान्यात नेलं. तिथल्या बायांशी बोलायला लावलं. मी आणलेला नर्सिंगचा फॉर्म श्रुतीने भरलाच नाही. आयटीआयला इलेक्ट्रिशियन घेतलं.

मी रंजनाच्या दारात जाऊन ओरडले, "माह्या पोरीले वायरमन बनवून राहिली तू?"

"मी काहीच नाही सांगतलं. तिले पाहाचं होतं, दाखवलं."

त्यानंतर पाच वर्षं बोलले नाही.

मागच्या महिन्यात दवाखान्यात गेले. तिचा हात धरला. "रंजना, मी खूप जळली तुह्यावर."

"माहीत आहे ना मले." मग डोळे मिटूनच म्हणाली, "श्रुती परमनंट झाली. बरं झालं, नाही?"

मला माहीतच नव्हतं. श्रुतीने आधी तिला सांगितलं होतं.

त्या खाटेशेजारी बसूनही मी जळले. लाज वाटते, पण खरं आहे.

दुपारी कारध्याला, तिच्या माहेरी, वैनगंगेच्या घाटावर कितीतरी पोरी आल्या. कोणी ड्युटीच्या कपड्यांतच, कोणी लेकरू कडेवर घेऊन.

श्रुती रंजनाच्या आईला धरून बसली होती. मी मागे उभी होते.

रंजना, तुझ्यासारखं मला जमलं नाही. ते अजूनही सहन होत नाही.
तरी तुझ्याएवढी जवळची मला दुसरी कोणी नव्हती.

जा बाई, सुखाने जा.