मातीने खाल्लेलं लुगडं

अमेरिकेत, मॉरिसव्हिलमध्ये आमच्या शेजारी मृदाशास्त्रज्ञ डॉक्टर यॉलांडा पेटिफोर्ड राहते. कृष्णवर्णीय, पन्नाशीची, आवाज असा की माइकशिवाय शेवटच्या रांगेत पोचावा! माझी नात केया मला आजी म्हणते, म्हणून तीही आजीच म्हणते.

आजोबांच्या तंबाखूच्या शेतात ती वाढली. नांगरलेल्या मातीला वास का येतो, हे विचारत विचारत विद्यापीठात पोचली. वर्गात तिच्याशिवाय कृष्णवर्णीय कुणी नव्हतं. परिषदांमध्ये लोक तिला वाढपी समजून विचारायचे, कॉफी कुठे मिळेल? "मी सांगायचे," ती हसते, "आणि मग स्टेजवर जाऊन भाषण करायचे." उमेदीची सारी वर्षं तिने एका प्रश्नाला दिली: पूर, दुष्काळ सोसून माती पुन्हा उभी राहते, ती कोणत्या सूक्ष्म जिवांच्या बळावर?

मग हा प्रश्न तिच्या घरीच आला. वादळाच्या पुरात आजोबांचं शेत बुडालं.

"माती मेली," चुलतभाऊ कर्टिस म्हणाला. "सोलर पॅनेलवाल्यांना देऊन टाकू."

यॉलांडाने एक हंगाम मागून घेतला. न बुडालेल्या झाडांखालची माती आणून शेतात मिसळली, वर गवत पेरलं. प्रयोगशाळेचे आकडे कर्टिसला पटले नसते, म्हणून तिने सुती कापड पुरायचं ठरवलं. माती जिवंत असली की सूत खाऊन टाकते.

दुकानातल्या कपड्यांत नायलॉन मिसळलेलं. मी नाटकात कामं करायचे तेव्हाचं सुती लुगडं ट्रंकेतून काढलं.

"आजी, हे कसं पुरू?"

"पूर गं! दर प्रयोगाला मी यात मरायचे. आता त्याची पाळी."

पानगळ सुरू होताना सगळं कुटुंब शेतावर जमलं. कर्टिसने फावडं मारलं आणि वर आला लांबलचक, चकचकीत काठ. जसाच्या तसा.

"बघ, दोराही खाल्ला नाही."

यॉलांडाचा चेहरा पडला. मी पुढे झाले. "अरे, ती काठाची जर आहे! नाटकातली जर खोटी, प्लास्टिकची. लुगडं कुठाय ते शोध!"

यॉलांडाने गुडघे टेकून हातांनी माती उकरली. लुगडं नव्हतंच. दोन-चार भुरकट धागे, आणि वळवळणारी गांडुळं.

कर्टिसने मूठभर माती नाकाशी नेली.

"रताळी लावू," तो म्हणाला. "आणि आजी, पुढच्या वेळी काठ कापून द्या."