तुलनेचे तीन तांडे

लेकरांनो, वसूआजी गेल्याचं मागच्या महिन्यात फोनवर सांगितलं तेव्हा तुम्ही विचारलंत, "ती नक्की करायची काय?" मी "अर्थशास्त्र शिकवायची" म्हणाले आणि फोन ठेवला. ते उत्तर खोटं नव्हतं, पण माझ्या धाकट्या बहिणीला फार अपुरं होतं. म्हणून हे लिहिते आहे.

वसू हिंगोलीत कॉलेजात शिकवायची. पन्नाशीत तिने पीएच.डी.ला हात घातला. प्रश्न साधा होता: हळदीला ठिबक बसवायला सरकारने अनुदान दिलं, त्याने पीक खरंच वाढलं का? "त्यात काय, शेतकऱ्यांनाच विचार," मी म्हणाले. ती हसली. "अक्का, त्या वर्षी पाऊसही चांगला झाला. श्रेय कोणाला देऊ, सरकारला की ढगांना?" म्हणून योजना मिळालेल्या गावांबरोबर तिने डोंगरकड्याच्या बाजूचे, योजना न मिळालेले तीन तांडेही निवडले. पाऊस सगळीकडे सारखाच. मग गावांतली वाढ तांड्यांतल्या वाढीपेक्षा जेवढी जास्त, तेवढीच योजनेची.

ती दर हंगामाला जाऊन पिकाची माहिती लिहून आणायची. एकदा मीही सोबत होते. पहिल्याच तांड्यावर हळद लावणाऱ्या शांताबाईने चहा पुढे केला आणि म्हणाली, "बाई, दर टायमाला लिहून नेता. आमाला काय देऊन राहिल्या तुमी? तिकडचे लोक हळदीला काय करतात, ते तरी सांगा." वसू सांगून बसली. तिकडे गादीवाफे करतात, वरंब्यासारखे उंच. पाणी साचत नाही, कंद कुजत नाही. एवढंच. पण शांताबाईची लेक दुसऱ्या तांड्यात दिलेली, बहीण तिसऱ्या. पुढच्या वर्षी तिन्ही तांड्यांत गादीवाफे, आणि हळद जोरात! गावं आणि तांडे यांच्यात फरकच उरला नाही. नुसते आकडे पाहिले तर योजना फुकट गेली असं दिसत होतं.

प्रबंध इंग्रजीत टाइप करायचं काम माझ्याकडे होतं. मुदत संपत आली होती, तिची बढती त्यावर अडली होती. मी म्हणाले, "तांडे गुपचूप वगळ. दुसरी गावं घे आणि कारण लिहू नकोस."

"आणि शांताबाईच्या हळदीला काय सांगू? वाढू नकोस, वसूबाईचा प्रबंध अडलाय?"

मग तिने मला एक अख्खं प्रकरण सांगितलं आणि मी ते टाइप केलं: तिच्या बोलण्यामुळे ही तुलना बिघडली, कशी बिघडली, कुठपर्यंत बिघडली. तिने मुदतवाढ मागितली, योजना न मिळालेली नवी गावं शोधली, आणखी दोन हंगाम एसटीने फिरली. बढती तिच्यापेक्षा धाकट्या सहकाऱ्याला गेली. शेवटी उत्तर मिळालं: योजनेने पीक वाढलं, पण सांगितलं जात होतं त्यापेक्षा बरंच कमी.

तोंडी परीक्षेत परीक्षकांनी सगळ्यात जास्त वेळ त्या एका प्रकरणावरच विचारलं. वसू कुठेही अडखळली नाही. मी मागच्या खुर्चीत ताठ बसून ऐकत होते; स्वतःच्या पदवीच्या दिवशीही मला तेवढा अभिमान वाटला नव्हता.

ती गेल्यावर शांताबाई भेटायला आली. "आमच्या पायी बाईला लई तकलीफ झाली," ती म्हणाली. मी तिला सांगितलं, वसूने ती तकलीफ कधी मोजली नाही.

प्रबंधाची एक प्रत माझ्याकडे आहे. त्यातलं चौथं प्रकरण वसूच्या चुकीचं आहे, आणि तिन्ही तांड्यांत हळद अजून गादीवाफ्यावरच लावतात.